मोठं वॉटर पार्क की लहान? आमच्यापुरतं उंचीच्या पट्टीने ठरवलं

घरात एक मूल दहा-अकरा वर्षांचं आणि एक पाचाच्या आसपासचं असेल, तर उन्हाळ्यात वॉटर पार्कचं नाव निघाल्यावर वाद ठरलेला. थोरल्याला उंच मनोरे, ढिगाने स्लाइड आणि भलामोठा वेव्ह पूल असलेलं पार्क हवं असतं. आई-बाबांचा डोळा लहान पार्कावर: तीन-चार बऱ्यापैकी स्लाइड, एक लेझी रिव्हर (संथ वाहत्या पाण्यात तरंगत फिरायचा कालवा) आणि वरून बादली उपडी होणारा मुलांचा हौद. आम्ही दोन्हीकडे जाऊन आलोय.

थरारात लहान पार्क मार खातं, यात वादच नाही. जवळपास उभ्या स्लाइडवर पाठ टेकली की पोटात जो गोळा येतो, तो लहान पार्कातल्या वळणावळणाच्या नळीत येत नाही. वेव्ह पूलची गंमतही मोठ्यातच. बहुतेक ठिकाणी खोल टोकाच्या भिंतीमागे हवेच्या दाबाने पाणी ढकलून लाटा काढतात. मध्ये थोडा वेळ सगळं शांत असतं, आणि भोंगा वाजला की अख्खा पूल ओरडत खोल बाजूकडे सरकतो. ते वातावरण वेगळंच!

पण आमचं घोडं अडलं ते उंचीच्या पट्टीपाशी. मोठ्या स्लाइडना बऱ्याच ठिकाणी 120 सेंटिमीटरच्या आसपास उंची लागते. अट रास्तच आहे, तक्रार तिच्याबद्दल नाही. जिन्याच्या पायथ्याशी धाकटी पट्टीला पाठ लावून टाचा उचलते, गार्ड हसून तिच्या डोक्यावर तळहात आडवा धरतो, आणि तिथून पुढे घराचे दोन तुकडे होतात. एक जण थोरल्याबरोबर ट्यूब खांद्यावर घेऊन जिन्यावरच्या रांगेत, दुसरा धाकटीबरोबर गुडघाभर पाण्यात. मोबाइल लॉकरमध्ये. 'बादलीपाशी भेटू' असं ठरतं खरं, पण रांग किती वेळ चालेल हे कोणालाच सांगता येत नाही. खाली थांबलेला माणूस दर दोन मिनिटांनी मनोऱ्याकडे बघतो, आणि वरचा उतरून येतो तेव्हा खालचे दोघं कंटाळून दुसऱ्या हौदात गेलेले असतात. दिवसाचा निम्मा वेळ एकमेकांना शोधण्यात गेला, असं मला तरी वाटलं. मोजून पाहिलेलं नाही.

लहान पार्कात ही शोधाशोध नाही. एका जागी उभं राहिलं की सगळे दिसतात. लेझी रिव्हरमध्ये चौघंही एकत्र, धाकटी लाइफ जॅकेट घालून. लहान मूल बुडताना सहसा आरडाओरडा होत नाही, त्यामुळे लाइफगार्ड असला तरी ते हाताच्या अंतरावरच हवं. ते इथे सहज जमतं. थोरला दुपारनंतर 'आता काय करू?' म्हणत फिरायला लागतो, हे मात्र कबूल करायला हवं.

लहान ठिकाणचं पाणी खराब असतं, असं सर्रास म्हणतात. ते पार्काच्या आकारापेक्षा निगराणीवर आणि गर्दीवर अवलंबून असतं. डोळ्यांची चुरचुर आणि तो उग्र वास म्हणजे क्लोरीन जास्त झालं असं आपण धरतो; खरं तर क्लोरीन घामात आणि लघवीत मिसळून क्लोरामाइन तयार होतात, त्यांचा तो प्रताप. म्हणून आधी शॉवर घ्यायचा, आणि दार उघडतं त्या वेळेलाच आत शिरायचं. मोठ्या पार्कातून संध्याकाळी मुलांचे डोळे जास्त लाल झालेले दिसले, पण तो सुट्टीचा दिवस होता, तेव्हा पार्काला दोष देणार नाही.

उन्हाने तापलेली फरशी दोन्हीकडे पाय भाजते. फक्त मोठ्या पार्कात ती जास्त चालावी लागते.

मुलं सगळीच 120 च्या पुढची असतील, तर मोठं पार्क घ्या, मी आडवा येणार नाही. एक जरी खाली असेल, तर माझं झुकतं माप लहान पार्काला. तरीही मोठ्यातच जायचा हट्ट असेल, तर तिकीट काढण्याआधी विचारून घ्या, की 120 च्या आतल्या मुलाला मोठ्या माणसासोबत किती स्लाइडवर बसू देतात. आकडा एक-दोनच्या वर जात नसेल, तर लॉकरच्या किल्ल्या दोन घ्या, दोघांकडे एकेक.