लेव्हेटिरासिटाम ५०० : आठ महिने चालवल्यानंतर

फिटच्या गोळीबद्दल जळगाव-धुळ्याकडे दोन गोष्टी हमखास कानावर येतात. गोळीनं डोकं बधिर होतं, आणि एकदा लागली की सुटत नाही. सकाळी ८ ला एक आणि रात्री ८ ला एक अशी लेव्हेटिरासिटामची ५०० मिग्रॅची गोळी आठ महिने चालवली की पहिली गोष्ट बरीचशी जुन्या गोळ्यांची बदनामी वाटते. दुसरीत तथ्य आहे, पण लोक समजतात तसं नाही.

फेनिटोइन हे फिटचं जुनं औषध १९३८ पासून वापरात आहे. ते आणि कार्बामाझेपीन हे दुसरं जुनं औषध चेतापेशीच्या सोडियमच्या दारांवर काम करतात. पेशीनं एक ठिणगी सोडली की हे दार क्षणभर आपोआप बंद होतं. या गोळ्या ते बंद दार जरा जास्त वेळ दाबून धरतात, म्हणून नेहमीच्या गतीनं चालणारी पेशी चालत राहते आणि फिटमध्ये धडाधड ठिणग्या सोडणारी अडते. लेव्हेटिरासिटाम या दाराच्या वाटेला जात नाही. पेशीच्या टोकाला रसायनानं भरलेल्या बारीक पिशव्या असतात, त्या रित्या झाल्या की निरोप पुढच्या पेशीला पोचतो. त्या पिशव्यांच्या पडद्यावर एसव्ही२ए नावाचं प्रथिन असतं आणि ही गोळी त्याला चिकटते. हे २००४ साली सापडलं, तोवर गोळी बाजारात येऊन काही वर्षं झाली होती. शेतातल्या भाषेत सांगायचं तर जुन्या गोळ्या मोटारीच्या स्टार्टरवर बसतात, ही शेवटच्या वाफ्याच्या तोंडाशी.

याचा रोजच्या वापरात फायदा असा, की यकृतातल्या औषधं मोडणाऱ्या द्रव्यांशी हिचं फारसं देणंघेणं नाही. कार्बामाझेपीन गर्भनिरोधक गोळीचा असर कमी करतं, ही करत नाही. फेनिटोइनचा डोस जरा वाढवला तरी रक्तातलं प्रमाण एकदम उसळतं, चाल लटपटते, डोळे थरथरतात. इथे डोस दुप्पट म्हणजे रक्तातलं प्रमाणही साधारण दुप्पट, हिशेब सरळ. मात्र दोन तृतीयांश औषध जसंच्या तसं लघवीवाटे जातं. म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेल्या, म्हणजे मूत्रपिंड कमी काम करणाऱ्या माणसाला ५०० चा डोसही जास्त होऊ शकतो. सुरू करण्याआधी ती तपासणी झालेली बरी.

मोठा दोष वेळेचा. मोठ्या माणसाच्या रक्तातलं औषध ६ ते ८ तासांत निम्मं होतं. ७ तास धरले तर १२ तासांनी सुमारे ३० टक्के उरतं. मधली एक गोळी चुकली की २४ तासांनी जेमतेम ९. फेनोबार्बिटोन हे फिटचंच आणखी एक औषध अंगात कित्येक दिवस रेंगाळतं, त्याची एखादी गोळी राहिली तरी निभावतं. इथे ती सवलत नाही. 'सुटत नाही' म्हणतात त्याचा खरा अर्थ हा: अचानक थांबवली तर पिशव्यांवरचा लगाम दोन दिवसांत निघून जातो आणि लागोपाठ फिट येऊ शकतात. बंद करायची तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून, टप्प्याटप्प्यानं. बहुतेकदा दोन वर्षं किंवा जास्त फिट न आल्यावरच तो विषय निघतो.

आपल्याकडे गोळी नेमकी कुठे चुकते? रावेर-यावलला रात्रीची लाईट असली की माणूस केळीला पाणी द्यायला जातो, पाकीट घरी राहतं आणि झोपही बुडते. फिट येण्याची ही दोन्ही कारणं एकाच रात्रीत जमतात. कानबाईच्या जागरणाचं तेच, चैत्रात वणीला पायी जाण्याचंही तेच. चार गोळ्या खिशात वेगळ्या ठेवायच्या आणि मोबाईलला ८ चा गजर लावायचा, एवढं पुरतं. उपास असला तरी गोळी पाण्याबरोबर चालते, पोटात अन्न असायलाच हवं असं नाही.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झोप येते, गरगरतं. ते ओसरतं. चिडचिड मात्र राहू शकते आणि या गोळीचे गुण कमी करायचे तर त्यासाठीच. जेवणात मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवणं, पोरांवर विनाकारण ओरडणं हे पेशंटला स्वतःला कळत नाही, घरच्यांना दिसतं. मन फार उदास झालं किंवा जीव देण्याची भाषा आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं, गोळी आपल्या मनानं बंद करू नये. त्याच प्रथिनाला चिकटणारं ब्रिव्हॅरासिटाम हा एक पर्याय असतो, त्यात हा त्रास पुष्कळांना कमी होतो.

दुकानात एक घोळ होतो. '५०० ईआर' ही सावकाश विरघळणारी गोळी आहे. साध्या गोळीच्या जागी ती आली आणि कडू-मोठी म्हणून कुटून दिली, तर सावकाश सुटणारं औषध एकदम सुटतं. पाकिटावरची ती दोन अक्षरं प्रत्येक वेळी वाचावीत. मुलांच्या औषधात चूक याहून सोपी: १ मिलीत १०० मिग्रॅ असतं. १.५ मिली लिहिलेलं असताना चहाचा चमचा भरून दिला की ५ मिली, म्हणजे ५०० मिग्रॅ पोटात. सुई नसलेली सिरिंजच वापरायची.

गोळी चालू असूनही फिट आलीच, तर कांदा-चप्पल हुंगवत बसू नये, तोंडात चमचा घालू नये. कुशीवर वळवावं आणि घड्याळ बघावं. ५ मिनिटं झाली की डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकातला मिडॅझोलॅमचा फवारा मारायचा. तो गाबा नावाच्या शांत करणाऱ्या रसायनाचा जोर वाढवतो. फिट लांबत गेली की गाबा ज्यांना चिकटतो ती ग्राहकं पेशी आत ओढून घेते आणि तोच फवारा कमी लागू पडतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून गाडी मिळून दवाखाना गाठेपर्यंत ही वेळ निघून गेलेली असते. म्हणून फवारा घरातच हवा, आणि एका दाबात ०.५ मिग्रॅ सुटतं की १.२५, हे बाटलीवर वाचून किती दाब द्यायचे ते झाकणावर पेनानं लिहून ठेवावं.