थायरॉईडच्या रुग्णांसाठी म्हापशातील एक रक्ततपासणी केंद्र

थायरॉक्सिनची (थायरॉईडच्या संप्रेरकाची) गोळी नियमित घेऊनही माझा थकवा हटत नव्हता, म्हणून डॉक्टरांनी कॉर्टिसॉल (अधिवृक्क ग्रंथींचे संप्रेरक), फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) आणि जीवनसत्त्व बी-१२ तपासायला सांगितले. म्हापशाच्या बाजारपेठेजवळील या केंद्राने मला सकाळी ८ वाजताच बोलावले, कारण कॉर्टिसॉल सकाळी सर्वाधिक असते आणि दिवसभर उतरत जाते. रक्त घेणाऱ्या ताईंनी नळीवर नावाबरोबर वेळही लिहिली. कॉर्टिसॉलची गंभीर कमतरता न ओळखता थायरॉक्सिन वाढवणे धोक्याचे ठरू शकते, त्यामुळे हा काटेकोरपणा मला फार मोलाचा वाटला. कॉर्टिसॉल ठीक निघाले, फेरिटिन मात्र अवघे ९. लोहाची गोळी थायरॉक्सिनपासून ४ तासांच्या अंतराने घ्यावी, हे तिथल्या डॉक्टरांनी आपणहून समजावले. अहवाल दोन दिवस उशिरा मिळाला, तेवढी सुधारणा व्हायला हवी.