मक्याची पिशवी निवडताना: जीएम, नॉन-जीएमओ की ऑरगॅनिक?

अमेरिकेतल्या दुकानात मक्याचं पीठ घ्यायला गेलं की तीन प्रकारच्या पिशव्या समोर येतात. एकीवर बारीक अक्षरात 'बायोइंजिनीअर्ड' (म्हणजे जीएम, जनुकात बदल केलेला मका), दुसरीवर फुलपाखराचं 'नॉन-जीएमओ' (जीएम नसलेला) चिन्ह, तिसरीवर अमेरिकी कृषी खात्याचं 'यूएसडीए ऑरगॅनिक' (सेंद्रिय). बहुधा किंमतही याच क्रमाने चढते. घरात लहान मूल असलं की प्रश्न येतोच: जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

आधी पहिली पिशवी. अमेरिकेत १९९६ पासून जीएम मका पेरला जातो आणि आज मक्याच्या ९० टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर तोच आहे. त्यात मुख्यतः दोन गुण घातलेले असतात: एक अळीला मारणारा (बीटी), दुसरा तणनाशक सोसणारा. दोन्हींबद्दलचे आक्षेप वेगळे आहेत. वाद घालताना मात्र त्यांची सर्रास खिचडी होते.

बीटी मक्यात जमिनीतल्या एका जिवाणूचं जनुक असतं. त्यामुळे बनणारं 'क्राय' प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात सक्रिय होतं, तिथल्या पेशींना चिकटतं आणि भोकं पाडतं. माणसाच्या जठरात आम्ल असतं आणि आपल्या आतड्यात त्या प्रथिनाला चिकटायला जागाच नसते. गंमत म्हणजे ऑरगॅनिक शेतीत हाच जिवाणू फवारायला परवानगी आहे.

मग भीती आली कुठून? माझ्या मते सगळ्यात रास्त प्रकरण स्टारलिंकचं. अ‍ॅव्हेंटिस कंपनीच्या या वाणातलं 'क्राय ९ सी' प्रथिन पचनाच्या चाचणीत लवकर विरघळत नव्हतं. अ‍ॅलर्जीची शंका होती म्हणून १९९८ मध्ये त्याला फक्त जनावरांच्या खाद्यासाठी मंजुरी मिळाली. सप्टेंबर २००० मध्ये तोच मका दुकानातल्या टाको शेल्समध्ये (मक्याच्या कुरकुरीत मेक्सिकन पोळ्यांत) सापडला आणि शेकडो उत्पादनं परत मागवावी लागली. त्रास झाल्याची तक्रार करणाऱ्यांचं रक्त सीडीसीने (अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने) तपासलं. त्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असल्याचा पुरावा मिळाला नाही. पण गुरांचा मका माणसांच्या ताटात गेला तो गेलाच. चूक व्यवस्थेची होती, आणि जीएमच्या बाजूने बोलणारे हे प्रकरण फार भरभर उरकतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे गाठी आलेल्या उंदरांचे फोटो त्या तोलाचे नाहीत. ते फ्रान्सचे शास्त्रज्ञ सेरालिनी यांच्या २०१२ च्या, उंदरांना जीएम मका खाऊ घालण्याच्या प्रयोगातले. एकेका गटात नर दहा, माद्या दहा. उंदरांची जात अशी की दोन वर्षांत त्यांना आपोआपही गाठी येतात. नियतकालिकाने २०१३ मध्ये तो लेख मागे घेतला, पुढच्या वर्षी तो दुसरीकडे छापून आला. नंतर युरोपीय संघाच्या आणि फ्रान्सच्या सरकारी पैशातून त्याच प्रश्नावर नव्याने प्रयोग झाले. त्यांत अपाय दिसला नाही.

पिठाच्या पिशवीपुरतं बोलायचं तर मला जनुकापेक्षा बुरशीची काळजी जास्त वाटते. कणसात अळी शिरली की दाण्याला भोक पडतं, त्यातून फ्युजेरियम बुरशी आत जाते आणि फ्युमोनिसिन नावाचं विष तयार करते. १९९५ मध्ये पावसात भिजून बुरसलेली ज्वारी आणि मका खाऊन आपल्याच दख्खनच्या पठारावरच्या कित्येक गावांत लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले होते. अनेक शेतप्रयोगांचे आकडे एकत्र करून २०१८ मध्ये झालेल्या विश्लेषणात जीएम मक्यात हे विष सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघालं. या बाबतीत पहिलीच पिशवी उजवी.

फवारणीत मात्र ती मागे पडते. तणनाशक सोसणारं पीक म्हणजे उभ्या पिकात ग्लायफोसेट मारण्याची सोय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलं, तर अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेला तो धोका संभवनीय वाटत नाही. हा वाद मिटलेला नाही. शेतात फवारणारा आणि भाकरी खाणारा यांची जोखीम सारखी नाही, हेही खरं.

इथेच फुलपाखराची पिशवी मला सगळ्यात कमी पटते. तिच्यातला मका जीएम नसतो, एवढंच. त्यावर कीटकनाशक किंवा तणनाशक मारलेलं नाही, असं ते चिन्ह सांगतच नाही. फवारणीची धास्ती असेल तर पैसे ऑरगॅनिकला द्या. तिथे जीएम बियाणंही चालत नाही आणि ग्लायफोसेटही. फक्त मक्याचं परागीकरण वाऱ्यावर होतं, त्यामुळे शेजारच्या शेतातला अंश येऊ शकतो. शंभर टक्के हमी तिथेही नाही.

पॉपकॉर्नसाठी डोकं शिणवू नका. बाजारात जीएम पॉपकॉर्न नाहीच, त्यामुळे त्या पाकिटावरच्या 'नॉन-जीएमओ'चे वेगळे पैसे म्हणजे शुद्ध जाहिरात. स्वीट कॉर्नमध्ये जीएम वाण आहेत, पण थोडे. भारतातून आणलेल्या पिठात जीएमचा प्रश्न सहसा येत नाही, कारण इथे जीएम मक्याच्या लागवडीला परवानगीच नाही.

घरात मक्याची भाकरी वरचेवर होत असेल तर टॉर्टियासाठी (मेक्सिकन पोळीसाठी) मिळणारं 'मासा हरीना' हे पीठ बघा. त्यातला मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन दळलेला असतो. त्यात फ्युमोनिसिन बरंच कमी होतं. आणि पिशवी कोणतीही घ्या, कुबट वास आला तर सरळ टाकून द्या.