ड्रायर फिरेना म्हणून मोटर बदलायला निघालो होतो

हा अभिप्राय सोलापुरातल्या एका मशीन दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकविषयी आहे. आमच्याकडे अकरा वर्षांचं सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन आहे. एप्रिलमध्ये त्याचा ड्रायर बंद पडला. धुण्याची बाजू व्यवस्थित चालत होती, पण ड्रायरचं बटण फिरवलं की नुसता 'घूंऽऽ' असा आवाज यायचा आणि टब जागचा हलायचा नाही.

एखाद्या घरी हे आठ दिवस चालून गेलं असतं. आमच्या सासूबाई दीड वर्षापासून अंथरुणावर आहेत. रोज दोन-तीन चादरी आणि त्यांचे कपडे निघतात, शिवाय आमचे वेगळे. सोलापुरी चादर ओली झाल्यावर किती जड होते हे ती पिळणाऱ्यालाच माहीत. चौथ्या दिवशी माझं उजवं मनगट सुजलं.

फुल ऑटोमॅटिक घ्या, असं तेव्हा तिघांनी तरी सांगितलं. पण आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. मधल्या दिवसांत सगळा कारभार पिंपातल्या पाण्यावर. सेमीमध्ये मी बादलीने पाणी ओतते आणि पहिला घाणा खळबळलेलं पाणी दुसरा घाणा धुवायला वापरते. मला हेच मशीन हवं होतं, चालू स्थितीत.

आधी मोबाइलवरून एका सेवेचा माणूस बोलावला. तो वेळेवर आला, बोलणंही नीट. बटण फिरवून आवाज ऐकला, मागचं पत्र्याचं झाकण अर्धवट उघडून टॉर्च मारला आणि म्हणाला, "मोटर गेली. बसवण्यासकट २,६०० रुपये. मशीन जुनं आहे, बघा तुम्हीच." बघायला आल्याचे ३०० घेतले. सगळं मिळून दहा मिनिटं. त्याने आत कशालाही हात लावून पाहिला नव्हता, हे मला नंतर कळलं आणि मग वाईट वाटलं.

नवी पेठेच्या मागच्या गल्लीत एक लहान दुकान आहे, 'कूलर, मशीन दुरुस्ती' एवढीच पाटी. मी सांगते ते मेकॅनिक तिथलेच. पन्नाशीचे असतील, एकटेच काम करतात. आधी पंधरा वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे, होते. मंगळवारी येतो म्हणाले आणि आले गुरुवारी. एप्रिल-मे म्हणजे सोलापुरात कूलरचा हंगाम, त्यात ते बुडालेले असतात. तुम्हाला घाई असेल तर हे आधी लक्षात घ्या.

आल्यावर त्यांनी बटणाला हातच लावला नाही. प्लग काढून स्वतःच्या पिशवीशेजारी, डोळ्यांसमोर ठेवला. मागचं झाकण पूर्ण उघडलं आणि लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर कपॅसिटरच्या (मोटर सुरू व्हायला मदत करणारा, वीज साठवणारा भाग) दोन्ही टोकांना टेकवून त्यातली उरलेली वीज उतरवली. "प्लग काढला तरी यात झटका राहतो अक्का, तुम्ही कधी हात घालू नका." मग मीटर लावून कपॅसिटर तपासला. वर ५ मायक्रोफॅरड लिहिलेलं, मीटरवर ४.९ आलं. म्हणजे तो ठीक. नंतर मोटरच्या वायरी तपासल्या, त्याही ठीक.

मग त्यांनी जे केलं तेच खरं निदान होतं. ड्रायरचं वरचं झाकण मला बंद धरून ठेवायला सांगितलं आणि मागून हात घालून टबाच्या खालचा ब्रेकचा ड्रम फिरवून पाहिला. फिरेना. ब्रेकची पट्टी स्क्रूड्रायव्हरने बाजूला दाबून धरली आणि पुन्हा फिरवला, तर गरागरा फिरला. "मोटर चांगली आहे. ब्रेक सुटत नाहीये."

मला कळेना, तर त्यांनी हातातलं काम थांबवून समजावलं. ड्रायरचं झाकण उघडलं की टब थांबतो, कारण खाली ब्रेक बसतो. झाकण लावलं की एक तार ओढली जाते आणि ब्रेक सुटतो. आमचा ब्रेक गंजून अडकला होता, झाकण लावलं तरी सुटत नव्हता. बिचारी मोटर ब्रेक लागलेला असताना जोर लावत होती, म्हणून घूं करत होती. असंच आणखी काही वेळा चालू केलं असतं तर मात्र ती खरंच जळली असती. त्या चार दिवसांत मी दहा वेळा तरी बटण फिरवून पाहिलं होतं! ड्रायर नुसता आवाज करत असेल तर बटण लगेच बंद करा, हे मी आता ओळखीतल्या प्रत्येकीला सांगते.

ब्रेक मोकळा करून, तेल घालून ते त्याच वेळी पैसे घेऊन जाऊ शकले असते. पण त्यांनी विचारलं, "इथे पाणी कुठून आलं?" ब्रेक आणि मोटर ड्रायरच्या बरोबर खाली असतात. टबाचा दांडा जिथून खाली उतरतो तिथे घड्यांचं रबरी सील असतं. ते फाटलं की पिळलेलं पाणी नळीतून न जाता थेंब थेंब खाली ब्रेकवर आणि मोटरवर पडतं. टब काढल्याशिवाय ते दिसत नाही, आणि आमचा टब निघेना. दहा नंबरच्या पान्याने बोल्ट सैल झाले, पण दांडा गंजाने धरून ठेवलेला. त्यांनी ठोकाठोकी केली नाही. गंज सोडवायचं तेल मारलं आणि म्हणाले, अर्धा तास थांबू. चहा झाला, सासूबाईंशी तेलुगूत दोन शब्द बोलणं झालं. सासूबाईंचं माहेर तेलुगू वस्तीच्या साखर पेठेतलं, लहानपणी शेजारपाजारी ऐकून त्यांना थोडी येते. कितीतरी दिवसांनी त्या अशा मोकळ्या हसल्या.

टब वर आला तेव्हा खाली पांढऱ्या क्षारांचा थर होता. त्यात दोन शर्टाची बटणं, एक रुपयाचं नाणं आणि गंजलेली साडीची पिन. सीलला पिनेच्या रुंदीएवढी चीर होती. पिन माझीच असणार, घरात साडी मीच नेसते. आता टबात कपडे भरल्यावर आतली प्लास्टिकची ताटली दाबून बसवल्याशिवाय मी ड्रायर लावत नाही. ती कपडे उसळून बाहेर येऊ नयेत म्हणून असते. इतकी वर्षं ती माळ्यावर पडली होती.

नवं सील बसवताना दांड्याला ग्रीस लावलं, ब्रेकची पट्टी आणि स्प्रिंग बदलली, तार पुन्हा ताणून अडकवली. झाकण उघडल्यावर टब काही सेकंदांत थांबतो की नाही, हे तीनदा पाहिलं. मग मशीनखाली कोरडा पेपर पसरला, ड्रायरमध्ये बादलीभर पाणी ओतलं आणि पंधरा मिनिटं वाट पाहिली. पेपरवर एक थेंब नाही. त्यानंतरच कपडे घालून चालवलं.

हिशोब असा: सील १२०, ब्रेकचा सेट १५०, मजुरी ४५०. एकूण ७२०. काढलेले भाग माझ्या हातात दिले. सील कंपनीचं नाही, लोकल आहे, हे बसवण्याआधी सांगितलं. सहा महिन्यांत गळलं तर फुकट बदलून देईन म्हणाले, पण ते तोंडीच. छापील बिल नाही, वहीच्या कागदावर लिहून देतात. ज्यांना घरमालकाला किंवा ऑफिसला पावती दाखवायची असेल त्यांना हे अडचणीचं होईल. आणि फ्रंट लोड, म्हणजे समोरून कपडे घालायची मशीनं, ते घेत नाहीत. फोनवरच सांगतात की त्यातल्या इलेक्ट्रॉनिक कार्डाचं काम मला येत नाही, उगाच तुमचं बिघडवणार नाही.

निघताना त्यांनी बाथरूममधल्या प्लगला टेस्ट लॅम्प लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये दिवा लागला, फेज आणि अर्थिंगमध्ये लागलाच नाही. पावसाळ्यात मशीनला हात लावला की हलक्या मुंग्या यायच्या, त्याचं कारण हे. मी ते दमटपणावर ढकलून अकरा वर्षं ओल्या फरशीवर उभी राहून कपडे काढत होते. "हे काम वायरमनचं आहे, माझं नाही. पण ते होईपर्यंत मशीन लावू नका अक्का," असं बजावून गेले. दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावून अर्थिंगची तार ओढून घेतली. त्याचे ९०० वेगळे गेले, आणि ते मी सगळ्यात आनंदाने दिले.

अडीच महिने झाले. पाऊस सुरू झाला आहे, चादरी आत दोरीवर वाळतात आणि ड्रायर रोज दोनदा चालतो. परवा पुन्हा मशीनखाली पेपर घालून पाहिला. कोरडा निघाला.