जेल रोडवरची 'ओरिजनल' फोम टिप आणि माझा उजवा कान

इंदूरमध्ये इअरफोनच्या टिप्स, म्हणजे कानात जाणारी मऊ टोपणं, घ्यायच्या म्हटलं की सगळे जेल रोडचाच रस्ता दाखवतात. तिथे चांगली दुकानं आहेत, हे आधीच सांगते. मला भेटलं ते वेगळं. टिपसारखी चिल्लर वस्तू आहे, तिच्यात कोण कशाला फसवेल असं वाटणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितेय.

माझा इन-इअर (कानाच्या भोकात बसणारा इअरफोन) जरा महागातला आहे, वायर कानामागून जाते तसला. त्याचं नॉझल, म्हणजे टिप बसते ती नळी, अगदी बारीक, सुमारे 3 मिलिमीटरची. शुअर, वेस्टोन यांची नॉझलं अशी बारीक असतात. बाकी बहुतेक इन-इअरची 5-6 मिलिमीटरच्या आसपास. सोबत आलेली सिलिकॉन टिप डाव्या कानात छान बसायची, उजव्यात सैल. दोन्ही कानांची भोकं सारखी नसतात, त्यामुळे एका कानात मीडियम आणि दुसऱ्यात स्मॉल असं चालतं, त्यात विचित्र काही नाही. पण टिप सैल असली की हवा निसटते आणि पहिला जातो तो खर्ज. रात्री अमीर खाँसाहेबांचा विलंबित ख्याल लावावा (आपल्या इंदूरचे, ते ऐकायचे नाहीत तर काय), तर उजवीकडून तानपुऱ्याची खर्जाची तार गायब आणि मंद्रातले स्वर पातळ. म्हणून फोमच्या टिप्स घ्यायला निघाले.

दुकानदाराने काचेखालून एका परदेशी कंपनीचं पाकीट काढलं. तीन जोड्या, 1,200 रुपये. "दीदी, ओरिजनल है, सब में लगता है." मी नॉझल बारीक असल्याचं सांगितलं, तर म्हणाला, "अभी लगा के देता हूँ," आणि इअरफोन घेऊन काउंटरमागे वाकला. परत दिला तेव्हा टिप घट्ट बसलेली. मग स्वतःच्या फोनवर एक धडाडधूम पंजाबी गाणं लावलं. फरक जाणवला, खोटं कशाला बोलू! पण त्या फोनचा इक्वलायझर बेसवर चढवलेला होता आणि आवाजही माझ्या नेहमीच्या पातळीपेक्षा बराच वर. जास्त मोठा आवाज कानाला जास्त चांगला वाटतो, या धंद्यातली ही जुनी युक्ती. टिप तपासायची तर आपलाच फोन, आपलंच ओळखीचं गाणं आणि आवाज नेहमीइतकाच. ऐकताना इअरफोन बोटाने हलकेच आत दाबून बघा. दाबल्यावर खर्ज एकदम वाढला तर टिप नीट बसलेली नाही.

घरी राजेंद्र नगरला येऊन ऐकत बसले. ऐकून झाल्यावर उजवा इअरफोन काढला, तर बाहेर आलं नुसतं नॉझल. टिप कानात.

अशा वेळी हेअरपिन, चिमटा, काडी काहीही घालू नका. सासूबाई पिन घेऊन सरसावल्याच होत्या, त्यांना थांबवलं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीखाली बघून बारीक चिमट्याने ती काढली आणि म्हणाले, घरी खोदलं असतं तर पडद्याकडे सरकली असती. तपासणीचे आणि काढण्याचे पैसे टिपांच्या किमतीच्या वर गेले.

मग नॉझल उजेडात धरलं. त्याभोवती पारदर्शक चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे, कड अगदी सफाईने कापलेली. म्हणजे जाड नॉझलची टिप बारीक नळीवर बसवण्यासाठी काउंटरमागे हा उद्योग झाला होता. कानातल्या उबेने पट्टी सुटली आणि टिप मागे राहिली. फोमही बोगस. चांगला मेमरी फोम बोटांत वळून दाबला की हळूहळू फुगतो. त्यामुळेच तो वळून कानात घालायला वेळ मिळतो, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा आणि तो फुगेपर्यंत धरून ठेवायचा. हा तर गादीतल्या स्पंजासारखा बोट सोडताच टुणकन उडी मारायचा. पाकिटावर कंपनीच्या नावात एक अक्षर वेगळं. आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि कोणत्या देशाचा माल हे छापावं लागतं. यावर यातलं काहीच नव्हतं.

अस्सल फोमही सगळ्यांना मानवतो असं नाही. तो वरच्या पट्टीतला आवाज थोडा शोषतो, काही महिन्यांत बसका होतो आणि कानातला मळ धरतो. मला आता उजव्या कानाला बारीक नॉझलचीच, एक साइज मोठी सिलिकॉन टिप चालते आहे. खर्जाची तार परत आली.

दुकानात परत गेले तेव्हा उत्तर ठरलेलं: "कान का आइटम है, वापस नहीं होता." बिल मागितलं तर हातातली चिठ्ठी दाखवली, तिच्यावर 'एस्टिमेट' छापलेलं, दुकानाचा शिक्का नाही, जीएसटी नंबर नाही. यूपीआयचे पैसेही कुणा तिसऱ्याच्याच नावावर गेलेले. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल परत न घेणं हीसुद्धा. बिलावर परत घेण्याची मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवस धरतात. हे मी त्याला सांगितलं, तो हसला.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली. पाकीट, चिठ्ठी, यूपीआयचा स्क्रीनशॉट, डॉक्टरांची पावती आणि चिकटपट्टीसकट नॉझलचा फोटो, सगळं जपून ठेवलंय. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, म्हणून तीही तयारी आहे. तक्रारीचा क्रमांक दाखवल्यावर दुकानदाराने तडजोड म्हणून मोबाइलचं कव्हर फुकट देऊ केलं. मी टिपांचे 1,200 आणि डॉक्टरांची फी मागितली आहे.