मायक्रोनीडलिंग: पावसाळ्यात सुरू केलं, आता काय म्हणू?

मायक्रोनीडलिंग म्हणजे मुरुमांचे खड्डे भरून यावेत म्हणून चेहऱ्यावर बारीक सुया टोचून घ्यायचा उपचार. आधी निकाल सांगतो. गालांवरचे पसरट, उथळ खड्डे बऱ्यापैकी भरून आलेत. नाकाशेजारची बारीक, खोल भोकं मात्र होती तशीच आहेत. पैसे वाया गेले असं वाटत नाही, पण जाहिरातीतला गुळगुळीत चेहरा मिळेल या आशेने कुणी जाऊ नये.

कॉलेजच्या वयातल्या मुरुमांचे हे व्रण. इतकी वर्षं दाढी वाढवून झाकत आलो. राहतो फोंड्याला, नोकरी पणजीत, उपचार म्हापशाला एका त्वचारोगतज्ज्ञांकडे. पहिल्या भेटीत सुई लागलीच नाही. डॉक्टरांनी खिडकीपाशी बसवून बाजूच्या उजेडात फोटो काढले. समोरून फ्लॅश मारला की खड्ड्याची सावलीच नाहीशी होते आणि नंतर तुलना कशाशी करणार? हनुवटीवर ताजे मुरूम होते, ते बरे होईपर्यंत थांबवलं, कारण त्यावरून सुया फिरवल्या तर जंतुसंसर्ग पसरतो. जखमेची जागा फुगून गाठ धरते का, म्हणजे केलॉइडचा त्रास आहे का, तेही विचारलं. एवढं न विचारता कुणी थेट आडवं करत असेल तर उठून चालू लागा.

दाढी अर्थातच साफ करावी लागली. मग नंबिंग क्रीम थापून पाऊण तासभर बसायचं. तोंड बधिर झालं की पेनासारखं यंत्र फिरतं. गालावर नुसती गुरगुर जाणवते, कपाळावर आणि वरच्या ओठाच्या वर मात्र डोळ्यांत पाणी येतं. तिथे कातडी पातळ, म्हणून सुईही कमी खोल घालतात. गालावर दीड ते दोन मिलिमीटरपर्यंत. रक्ताचे बारीक ठिपके येतात. शरीराला वाटतं जखम झाली, म्हणून ते नवं कोलॅजन, म्हणजे कातडीला भरीव ठेवणारं प्रथिन, तयार करायला लागतं, आणि हे काम महिनोन् महिने चालतं. त्यामुळे दोन सिटिंगांमध्ये चार ते सहा आठवडे सोडतात. लेझरसारखा वरचा थर जाळला जात नाही, म्हणून आपल्या सावळ्या कातडीवर काळे डाग पडायची भीती कमी. कमी, अजिबात नाही असं नाही.

दुसऱ्या दिवशी चेहरा उन्हात भाजल्यासारखा लाल, तिसऱ्या दिवशी हात फिरवला तर खरखरीत पॉलिश पेपर. ऑफिसात 'समुद्रावर गेला होतास का' एवढंच विचारलं गेलं. खरा त्रास हेल्मेटचा. आतली गादी नेमकी गालावर घासते आणि घाम झोंबतो, म्हणून तेवढे दिवस स्कूटर घरी आणि मी कदंबाच्या बसमध्ये. दाढी नाही, पोहणं नाही. आईने स्वतःच्या अधिकारात सुंगटंही (कोळंबी) बंद केली होती, 'जखम चिघळेल रे' म्हणून. डॉक्टर हसले आणि खा म्हणाले. आईला ते अजून पटलेलं नाही.

गोव्यात असाल तर जूनमध्ये सुरू करा, हा माझा ठाम सल्ला. ऊन कमी, घराबाहेर पडणं कमी. तरीही ढगांतून अतिनील किरण येतातच, म्हणून सनस्क्रीन पावसातही लावायचं. एप्रिलच्या उन्हात दुचाकीवरून हिंडणाऱ्याने ताजा चेहरा घेऊन फिरणं म्हणजे डाग विकत घेणं.

पहिल्या सिटिंगनंतर काहीच दिसलं नाही. फरक आधी न्हाव्याच्या लक्षात आला: वस्तरा गालावर पूर्वीसारखा अडखळत नाही म्हणाला. चतुर्थीच्या सुमारास खिडकीपाशी पुन्हा फोटो काढले, तेव्हा सावल्या फिकट झालेल्या मलाही दिसल्या. एक खड्डा खालून तंतूंनी खेचला गेला होता. तो नुसत्या सुयांनी उचलला जात नाही. कातडीखाली सुई घालून ते तंतू तोडावे लागले. याला सबसिजन म्हणतात आणि त्याचे पैसे वेगळे. हे खर्च आधीच विचारून घ्या.

ऑनलाइन स्वस्तात मिळणारे रोलर घरी फिरवायचा मोह अनेकांना होतो. लांब सुयांचे तर अजिबात घेऊ नका: निर्जंतुक करणं घरी जमत नाही आणि सुई तिरकी शिरून कातडी ओरखडते. पार्लरमधल्या स्वस्त पॅकेजबद्दलही माझं हेच मत. सुई प्रत्येक वेळी नवी, पाकीट आपल्यासमोर फोडलेली हवी.

नाकाशेजारच्या भोकांसाठी डॉक्टरांनी टीसीए क्रॉस सुचवलंय: टोकदार काडीने भोकाच्या तळाशी तीव्र आम्लाचा ठिपका ठेवायचा. दोन-तीन जागी करून पाहिलं, खपल्या धरून पडल्या, फरक अजून कळत नाही. उरलेली भोकं शिगमो (गोव्यातला शिमगा) आणि उन्हाळा उलटल्यावर.