निलगिरीची वाफ की ओव्याची पुरचुंडी?

घोडबंदर रोडला राहायला आल्यापासून डिसेंबर उजाडला की आमच्या घरात नाकं चोंदायला लागतात. ऊठसूट गोळ्या नकोत म्हणून मी निलगिरीचं तेल आणलं. आईनं मात्र ओव्याची पुरचुंडी सोडली नाही. तीन हिवाळे दोन्ही वापरून झालं, म्हणून लिहितोय.

औषध म्हणून पाहिलं तर निलगिरीचं पारडं जड आहे, हे आधीच सांगतो. तिच्या तेलातलं मुख्य द्रव्य सिनिओल. जर्मनीत ते कॅप्सूलमधून सायनस आणि ब्राँकायटिससाठी देतात, त्यावर चाचण्याही झाल्या आहेत. पण कॅप्सूल वेगळी आणि पातेल्यातली वाफ वेगळी. वाफ घेताना नाकात जो गारवा जाणवतो, तो थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चाळवल्यामुळे. नाक सुटल्यासारखं वाटतं, आतली सूज मात्र तशीच असू शकते. तरी कपाळ दगडासारखं जड झालं असेल, तर त्या पाच मिनिटांइतका आराम मला दुसऱ्या कशानं पडलेला नाही.

ओव्यातलं थायमॉल जंतुनाशक म्हणून फार जुनं. काही माउथवॉशमध्ये ही दोन्ही द्रव्यं एकत्रच असतात. ओव्याच्या दाण्यावर रेघा दिसतात ना, त्यांच्यामध्ये तेलाच्या बारीक नळ्या असतात. दाणे तव्यावर कोमट करून तळहातावर चोळले की त्या फुटतात आणि घरभर घमघमाट सुटतो. सिनिओल 176 अंशांना उकळतं, थायमॉल 232च्या आसपास, म्हणजे ते उडायला सावकाश. वाफेचा जोर बघता बघता ओसरतो, पुरचुंडी मला उशाशी रात्रभर पुरते.

माझा निर्णय झाला तो बाटलीच्या बुचामुळे. थेंब मोजून पडतच नाही. बाटली उलटी धरली की आधी काहीच नाही, जरा झटकली की सात-आठ थेंब भसकन. गेल्या जानेवारीत रात्री दोनला असंच झालं. टॉवेलखाली डोळे घट्ट मिटले होते तरी आग आग झाली. टॉवेल काढून बघतो तर चार वर्षांची लेक उठून ओट्यापाशी आलेली, आणि तिचा हात उघड्या बाटलीकडे. हे तेल पोटात गेलं तर लहान मुलाला चमचाभरसुद्धा घातक ठरू शकतं, झटके येतात. शेजारी उकळत्या पाण्याचं पातेलं होतं ते वेगळंच. त्या रात्रीनंतर माझा हात बाटलीकडे जायला कचरतो.

तुम्ही घरात मोठी माणसंच असाल आणि सायनसचा जुना त्रास असेल, तर निलगिरी घ्यायला हरकत नसावी. पण लहान मूल असेल, किंवा सकाळची लोकल पकडायची असेल, तर मी पुरचुंडीच सुचवीन. ठाणे स्टेशनच्या गर्दीत खिशातून काढून हुंगता येते. दमेकऱ्यांना कुठलाही उग्र वास बाधू शकतो, त्यांनी डॉक्टरांना विचारावं. ताप असेल किंवा धाप लागत असेल, तर दोन्ही बाजूला ठेवून दवाखाना गाठावा.

मलमलचा जुना रुमाल, मूठभर ओवा. गरम केल्यावर आधी मनगटावर टेकवून बघा, मगच नाकाशी न्या. जांभळी नाक्यावर ओवा घेताना चार दाणे चावून पाहा, जीभ चुरचुरली तर घ्या. तीन-चार दिवसांत वास उतरतो, तेव्हा आतला ओवा बदलायचा.